आजोबांची मागची बाजू

नवघर रोड, भाईंदर पूर्व
रविवार

आदरणीय व्याहीसाहेब श्री. दशरथसर हनवते यांना लवू गमरे याचा सविनय जयभीम.

आपली प्रकृती ठणठणीत असणार हे गृहीत धरतो. जन्मभर शाळेच्या मैदानावर पोरांना कवायत शिकवलेल्या माणसाची प्रकृती बिघडायला लागली, तर आम्ही खुर्चीत बसून नोकरी केलेल्यांनी कुणाकडे बघायचं? नांदेडला ऊन तापायला लागलं असेल. विहीणबाई मेलबर्नला गेल्यापासून आपण स्वतः भाकरी थापता, असं तेजश्री फोनवर कौतुकाने सांगत होती. (माझी लेक ऑस्ट्रेलियात बसून बोलतेय, आपली भाकरी तिने पाहिलेली नाही, म्हणून मी ते निम्मंच खरं धरलंय.) इकडे आमचंही कुकर एके कुकर चालू आहे.

विशेष म्हणजे आपलं पार्सल पोचलं. पायाला चोळायचं तेल, हाडं सांधायची पावडर आणि आपली स्वतःची काठी. काठी बघून मला दारातच घाम फुटला. कुरिअरवाल्याला वाटलं पाय दुखतोय, त्याने हात देऊन मला आत आणून बसवलं. सर, आता लिहूनच टाकतो. माझा पाय मोडलेला नाही. मुळात मोडलाच नव्हता. जावईबापूंनी आपल्याला कळवलं ते त्यांना कळलं तसं कळवलं, त्यांचा दोष नाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपलं दोघांचं फोनवरचं बोलणं आपल्याला माहीतच आहे. मी विचारतो, काय म्हणता सर. आपण म्हणता, तुम्हीच म्हणा. मग जेवण झालं का, झालं. मग दोघेही एकमेकांच्या घरातला पंखा ऐकत बसतो आणि ठेवतो. एवढ्या बोलण्यात हा पाय मावणारा नव्हता.

सुरुवात माझ्या आजोबांपासून करायला हवी. भागोजी गमरे, तालुका दापोली, पहिल्या महायुद्धाच्या काळात १११ नंबरच्या महार पलटणीत शिपाई. पोरांच्या लग्नाच्या बोलणीत मी हे आपल्याला दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा आपण "असं का" म्हणून पोहे खात राहिला होतात. असो. तर आजोबांचा एकही फोटो नाही. काही वर्षांत पलटण मोडली, आजोबा घरी आले, आणि सोबत आल्या त्या फक्त पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या. त्या आजीने शेळीच्या मोडक्या पायाला बांधल्या. शेळी बरी झाली, पट्ट्या गेल्या. आमच्या घराण्याचा लष्करी इतिहास एवढ्यावर संपतो.

तेजश्रीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आनंद झालाच, पण पाठोपाठ मनात आलं, की बाळाला आपल्याकडून काय जाणार? उर्मिला असती तर तिने दुपटी शिवली असती, डिंकाचे लाडू केले असते, आणि पोरीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे इथे माहेरीच झालं असतं. ती नाही, म्हणून विहीणबाईंना एवढ्या लांब जावं लागलं. याचा मला रोज संकोच वाटतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. मला शिवण येत नाही. टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात जन्म गेला, तेवढं तारेचं काम हातात आहे. म्हणून ठरवलं, बाळाला त्याचा खापरपणजोबाच पाठवायचा. चार बोटं उंचीचा, पण अस्सल. बटणापासून बुटापर्यंत जसा होता तसा. मे महिन्यात आपण मेलबर्नला निघाल की आपल्याच बॅगेत, मोज्यात गुंडाळून. (आधी आपण, मग मी, असं पोरांनी ठरवलंय. त्यांच्याकडे जास्तीची खोली एकच आहे, मी समजू शकतो.)

हे काम असं असतं. आधी तारेचा सांगाडा वाकवायचा. मग दोन रंगांची पुट्टी मळून ती थोडी थोडी वर चढवायची आणि दगड व्हायच्या आत कोरायची. कोरायला दाताच्या डॉक्टरने टाकून दिलेली हत्यारं, एक दाभण आणि उर्मिलाची विणकामाची सुई. चूक झाली की असे पुतळे कोरणाऱ्यांचा मोबाइलवरचा एक ग्रुप ती दाखवून देतो. त्यात जगभरची आमच्यासारखी रिकामी म्हातारी माणसं आहेत. मी मोठ्या हौसेने आजोबांच्या पायांचा फोटो टाकला, तर तिथल्या एका निवृत्त इंग्रज गृहस्थांनी विचारलं, आपले आजोबा घोडदळात होते का? (इंग्रज गेले, पण आपल्या कामातल्या चुका काढायचं त्यांनी सोडलेलं नाही.) मुद्दा असा, की पायदळाचा शिपाई पट्टी घोट्यापासून वर गुंडाळत नेतो आणि गुडघ्याखाली बांधतो. घोडेस्वार वरून सुरू करून घोट्याशी बांधतो. मी आजोबांना न विचारता घोड्यावर बसवलं होतं! आमच्यात घोड्यावर बसायचं म्हणजे वरातीत, आणि तेही त्या काळी गावाने बसू दिलं तर. तेव्हा ते पाय पात्याने खरवडून काढले, आणि ठरवलं की आधी ही पट्टी स्वतःच्या पायावर गुंडाळून शिकायची.

लोकरीची पट्टी मिळेना. उर्मिलाची तपकिरी शाल होती, कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. शेवटी खालच्या मेडिकलमधून क्रेप बँडेज आणलं. रंगही बराचसा खाकीच असतो. एका पायावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत असं आवळून बसवलं की गुडघा वाकेना. तेवढ्यात आठवलं, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा राहिलाय. गेलो तसाच पाय ओढत. समोरच्या मिनलबेन लिफ्टसाठी उभ्या होत्या. "हाय हाय लवूभाई, ये क्या हो गया?" मी पहिलं महायुद्ध कुठून सुरू करावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात लिफ्ट आली आणि त्या गेल्या. दुपारी त्यांच्याकडून खिचडी-कढी आली. वर तूप.

सर, आता इथे मी सांगायला हवं होतं. पण कढी गरम होती. आणि कितीतरी दिवसांनी दाराची बेल कुरिअरशिवाय वाजली होती. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी यतीनभाई आले. हे गृहस्थ एरवी माझ्याशी फक्त पार्किंगबद्दल बोलतात, आणि माझ्याकडे गाडी नाही. ते चक्क तासभर बसले, आपल्या मुतखड्याची अथपासून इतिपर्यंत कथा सांगितली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. मग कुणाचा ढोकळा, कुणाची इडली, कुणी नुसतंच येऊन टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बसायचं. घरात माणसाचा आवाज झाला. मी अंघोळ झाली की पट्टी गुंडाळून दार नुसतं लोटून ठेवायला लागलो. मी एकदाही पाय मोडला असं म्हणालो नाही, हे नोंदवून ठेवा. कुणी "दर्द है?" विचारलं तर "है" म्हणायचो, आणि पट्टी इतकी आवळल्यावर तो असतोच. उलट या निमित्ताने माझा हात इतका साफ बसला, की आजोबांचे दोन्ही पाय पुढून नवे कोरले आणि इंग्रज गृहस्थांनी नुसता अंगठा पाठवला. त्यांच्याकडून अंगठा म्हणजे मेडलच.

मिनलबेनकडे तेजश्रीचा नंबर आहे हे मात्र मी विसरलो. तिचा फोन आला तोच रडत. सातवा महिना, पोर एवढ्या लांब, मी घाबरलो. तिला त्याच क्षणी सगळं खरं सांगितलं आणि कॅमेऱ्यासमोर उठाबशा काढून दाखवल्या. ती हसली, मग पुन्हा रडली, मग माझ्यावर ओरडली. तोपर्यंत जावईबापूंनी आपल्याला कळवून टाकलं होतं. "पप्पांना तुम्हीच सांगा बाबा, मला लाज वाटते," म्हणाली. बरोबरच आहे तिचं.

इथल्या लोकांना सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही. गेल्या आठवड्यात आजोबांची मागची बाजू कोरायला घेतली. त्यासाठी दोन्ही पायांना पट्ट्या बांधल्या, खाकी हाफपँट घातली (लोकांनी भलताच अर्थ काढू नये म्हणून पडदे ओढून), खांद्याला बंदुकीच्या जागी झाडू लावला आणि कपाटाच्या आरशासमोर सावधानमध्ये उभा राहून मान वळवून मागे बघायला लागलो. दार नेहमीसारखं लोटलेलं. यतीनभाई आत आले, खांद्यावर वॉकर. त्यांच्या जैन संघाकडून आजारी माणसाला वापरायला मिळतो, माझ्यासाठी त्यांनी खटपट करून आणला होता. मागे मिनलबेन आणि कमिटीची दोन माणसं, हातात शहाळी. सगळ्यांची नजर माझ्या दोन्ही पायांवर गेली. मग यतीनभाई हळूच म्हणाले, "लवूभाई, दूसरा पैर भी?" आणि मिनलबेन झाडूकडे बघून म्हणाल्या, "पण झाडू क्यूं पकडा है?"

मी सगळं सांगितलं. भिंगाखाली आजोबा दाखवले. सगळ्यांनी रांगेने बघितलं. यतीनभाई "मस्त बनाया है, बेचने का है?" म्हणाले आणि वॉकर उचलून निघाले. शहाळी ठेवून गेले. मिनलबेन दारात थांबून म्हणाल्या, "चलो, पैर अच्छा है, वही बडी बात है." त्या मनापासून म्हणाल्या, मला दिसत होतं. त्यानंतर आपल्या कुरिअरवाल्याशिवाय कुणी बेल वाजवलेली नाही. कुणी रागावलं असतं तर निदान भांडायला तरी आलं असतं. ती भली माणसं आहेत, त्यांनी फक्त आजारी माणसाकडे यायचं थांबवलं, कारण आता घरात आजारी माणूस नाही. धडधाकट माणसाकडे कशाला कोण जाईल? मी तरी पूर्वी कुणाकडे जात होतो? पण सर, पाय बरा झाल्याचं एवढं वाईट वाटलेला माणूस मीच असेन. फार एकटं वाटतं. उर्मिला गेली तेव्हा घरात इतकी माणसं होती की नीट रडायलाही कोपरा मिळाला नाही. आता सगळं घर रिकामं आहे, पण रडायचं म्हटलं तरी मेलं नुसतं बसून राहायला होतं. संध्याकाळी दार अजूनही लोटूनच ठेवतो. मच्छर तेवढे येतात.

बाकी क्षेम. तेल ठेवून घेतोय, कधी ना कधी लागेलच. काठी परत कशी पाठवायची ते कळवावं. आजोबा व्हायला निघालेल्या माणसाने केलेला हा पोरकटपणा मुलीकडे बघून पोटात घालावा, आणि विहीणबाईंना सांगताना यातला झाडू वगळावा.

आपला,
लवू गमरे

ता. क. – काठी पाठवायच्या भानगडीत पडू नये. आपणच येऊन घेऊन जावी. नंदिग्राम एक्सप्रेस किंवा देवगिरी, जी बरी वाटेल ती. उतरलात की फोन करा, मी न्यायला येतो.

ता. क. दुसरा – आता मूळ मुद्दा. आजोबा पुढून पूर्ण झालेत. मागून ते अजून तार आहेत. एकट्या माणसाला आपली मागची बाजू दिसत नाही. वळून बघितलं की पोटरी वळते आणि पट्टीच्या घड्या बदलतात. मोबाइल फडताळात ठेवून फोटो काढायचा प्रयत्न केला, त्यात कपाट छान आलंय. शिवाय माझ्या पोटऱ्या आता पोटऱ्या म्हणण्यासारख्या राहिल्या नाहीत. लग्नानंतर आपण सगळे उत्तनला समुद्रावर गेलो होतो, तेव्हा आपण पँट दुमडून पाण्यात उभे होतात. सर, मी आपल्या पोटऱ्या पाहिल्या आहेत. मुलाच्या बापाला मुलीच्या बापाने ज्या मानाने वागवायचं असतं तो मान मला ठाऊक आहे, आपल्याला फेटा बांधायचा, पायाला पट्ट्या नव्हे. तरी विचारतो. हाफपँट घालून, माझ्याकडे पाठ करून, सावधानमध्ये उभे राहाल का? जन्मभर दुसऱ्यांना उभं केलंत, एकदा माझ्या आजोबांसाठी उभे राहा. आता दापोलीचे भागोजी नांदेडच्या पोटऱ्या घेऊन मेलबर्नला जातील, पण बाळाचे पाय कुणाचे निघतील ते तरी कुठे ठाऊक आहे?

ता. क. तिसरा – व्याह्याकडे एका रात्रीपेक्षा जास्त राहू नये अशी एक समजूत आहे. ती ज्यांच्या घरात दुसरं कुणी असतं त्यांच्यासाठी असावी. पुट्टी वाळायला वेळ लागतो, निदान आठवडा काढून यावं. भाकरी आपण थापा, मासे मी करतो. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल, एकच पंखा ऐकू.

ता. क. शेवटचा – आपण हुशार आहात. हे पत्र वाचता वाचताच आपल्या लक्षात येईल, की शेजारच्या कुणाकडून पाठमोरा एक फोटो काढून मोबाइलवर पाठवला तर माझं काम दुपारच्या आत होईल. होईल. चार बोटांच्या पुतळ्याला तेवढा पुरतो. फोटो पाठवू नका.