दारामागच्या हिरव्या रेघा

बोल्सवर्ड, १९ मे

प्रिय वीब्रेन,

फुटबॉलमधून निवृत्त होताना तू रेडिओवर म्हणालास, "माझ्या बहिणीने माझा एकही गोल पाहिला नाही." म्हणून हे लिहावं लागतंय. खरंच नाही पाहिला. तुला कुणी पाडलेलं मला बघवत नसे. मी रेडिओ ऐकायची आणि तू गोल केलास की आपल्याकडे घरोघरी संडासाच्या दारामागे टांगतात त्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर त्या तारखेला हिरवी रेघ ओढायची. त्यावर वर्ष नसतं, वार नसतो. तुझे सतरा हंगाम एकावरच मावले.

एकदा साप्केआत्या तिथून वैतागूनच बाहेर आली. "अगं, एवढ्या लोकांचे वाढदिवस! आणि माझा कुठाय?"

"रेघांखाली."

"पण ही माणसं कोण?"

"एकच माणूस आहे, आत्या," मी म्हणाले आणि तिला कॉफीबरोबर दुसरं बिस्कीट दिलं. दुसरं मी कुणालाच देत नाही.

सामन्यानंतर तुझा फोन आला की मी "जेवलास का?" एवढंच विचारायची. ते चुकलं.

तुझी,
यित्स्के

ता. क. पत्र माझ्याकडेच ठेवलं. तुझ्या क्लबच्या चिटणीसबाईंकडे तुझ्यासाठी दिलं: कॅलेंडर एक, पानं बारा, रेघा तीनशे अकरा. खिळ्यासकट.