ओडेलच्या गाडीवरचे पट्टे

प्रिय व्हर्जिल,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनच केला असता, पण तो तुझी बहीण नेडा उचलते, आणि मला जे बोलायचंय ते तिच्या कानावरून जायला नको. सातवीत शाळा सोडलेली बाई लिहितेय, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

ओडेल आला होता. तीस वर्षं कारखान्यात लोकांच्या गाड्या जोडल्या, आता निवृत्त झाल्यावर म्हातारड्याने स्वतःसाठी लाल स्पोर्ट्स कार घेतलीय. नाकापासून शेपटापर्यंत दोन पांढरे पट्टे हवेत म्हणाला. रविवारी वुडवर्ड रस्त्यावर सगळे जुने दोस्त गाड्या घेऊन जमणार, तिथे मिरवायचंय. मी म्हटलं, करते की. तू गेल्यापासून मी दुकानांच्या काचांवर नावं चिकटवण्यापलीकडे काही केलेलं नाही, हे त्याला कशाला सांगू?

गाडी धुतली, साबणाचं पाणी मारलं, व्हिनाइलचा चिकट पट्टा टेकवला, मधून कडेला प्लास्टिकचं पातं फिरवत पाणी काढलं. एक बुडबुडा नाही! मग फाटकापर्यंत मागे जाऊन पाहिलं. वाकडा. बॉनेटवर ठीक, छतावर जाईपर्यंत बोटभर डावीकडे. घाईत मी नाकावरच्या कंपनीच्या बिल्ल्यावरून मध्य धरला होता. तू किती वेळा सांगितलंस, "लोर्ना, बिल्ला शुक्रवारी दुपारी लावलेला असतो, लावणाऱ्याचं मन तळ्यावर मासे धरायला गेलेलं असतं. तू आपली टेपने मोज." ओडेलला दाखवलं तर तो हसतच सुटला. म्हणाला, "त्या शुक्रवारी मीच असेन लाईनवर. राहू दे गं, कोण बघतंय?" मी बघतेय ना! सगळा पट्टा ओढून काढला. तेव्हा म्हणतो कसा, "नवा रोल आणून काय करशील? लांब उभा राहून तुझ्या शिव्या खाणारा माणूस आण आधी."

मी त्याला हाकललं. पण दिवसभर तेच डोक्यात. तू फाटकाशी पोट पुढे काढून, एक डोळा मिटून उभा असायचास, तोंडात डोनट. मी पट्टा हातात तोलून ओरडायचे, बोल की लवकर, हात तुटले माझे! तू आधी घास गिळायचास, मग सावकाश म्हणायचास, "केसभर उजवीकडे." असा राग यायचा. आता तेवढं ऐकायला दिवसभर पट्टा धरून उभी राहीन. रेडिओ लावते, पण त्याला ओरडून काय उपयोग, उलट बोलत नाही.

तो दिवस मी विसरलेले नाही. दोन गिऱ्हाइकांसमोर तुझ्या हातातून पातं हिसकावलं. थरथरत्या हातांनी माझं काम नासवू नकोस म्हणाले. तू हात धुतलेस, आणि त्याच आठवड्यात नेडाकडे जायला केंटकीची बस धरलीस. मला वाटलं, चार दिवसांत येशील परत. एकोणीस महिने झाले. त्या हातांबद्दल डॉक्टर काय म्हणाला, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. आता विचारते. शर्टाची बटणं लावता येतात का? कॉफी सांडते का?

ओडेलला मी शनिवारी गाडी न्यायला बोलावलंय. नवा पट्टा तिच्यावर चिकटपट्टीने नुसता टेकवून ठेवलाय, मागचा कागद सोललेला नाही. सरळ आहे की नाही ते शेजारचा कुणीही सांगेल, मी कुणाला विचारलं नाही एवढंच. तू शनिवारी नाही आलास तर ओडेल साध्या लाल गाडीतून जाईल, मरत नाही तो. पट्ट्यांसाठी लिहीत नाहीये मी, व्हर्जिल. हात थरथरत असले तर थरथरू देत, बटणं मी लावीन. चुकलं माझं. हे दोन शब्द लिहायला मला एकोणीस महिने लागले, तेव्हा तू आता उत्तर लिहीत बसू नकोस. बस धर.

अजूनही तुझीच,
लोर्ना