चौकशीची खिडकी

२५ जानेवारी, रविवार
आठवडा झाला, लिहायचं टाळून राहिलो. वही काढली तर पेन नाही. पेन आणला तर सायकलची चेन उतरली. मग यार्डाकडे एक वॅगन रुळावरून घसरली म्हणे, ते पाहायला गेलो. घसरली-बिसरली काही नव्हती. एकूण काय, मागच्या रविवारचं लिहायचं नव्हतं.

लिहितो. इथल्या मराठी मंडळाचं तिळगुळाचं संमेलन होतं. दरवर्षीसारखे फिशपॉन्ड. डब्यात चिठ्ठी टाकायची, खाली नाव नाही. ज्याच्यावर असेल त्यानं स्टेजवर उभं राहून ऐकायची, फूल घ्यायचं आणि हसत उतरायचं. रागवायचं नाही, एवढा एकच नियम. मी पाच टाकल्या. चार कोणाले आठवतही नसतील. पाचवी मधुकरकाकांवर (इथून पुढे म.का.): "स्टेशनावरची चौकशी खिडकी बंद झाली, कॉलनीत चांभारचौकशी सुरू झाली."

म.का. समोरच्या क्वार्टरात राहतात. तीस वर्षं स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत बसले. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. कुठून आला, जेवला का, कामाचं काय झालं, आईच्या गुडघ्याचं काय. भिलाईजवळच्या या सगळ्या चरोद्याले ठाऊक.

हॉल हसला. मागच्या दोन रांगा जरा जास्तच हसल्या. काकांनी फूल घेतलं, तिळगूळ घेतला, जोडे घातले आणि घरी गेले. जेवण अजून व्हायचं होतं.

म.का. चांभार आहेत.

मले माहीत नव्हतं.

२६ जानेवारी
झेंडावंदन. जिलेबी गरम होती, चार खाल्ल्या. दरवर्षी म.का. जिलेबीच्या परातीजवळ उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याले धरतात. आज मागे, पोरींच्या लेझीमच्या पलीकडे उभे होते. मी मुद्दाम समोरून गेलो. नऊ महिन्यांनी परत आलो मी, रसमड्याच्या कारखान्यात आठ दिवस जाऊन तेही सोडलं. विचारायले एवढं सामान होतं. त्यांनी मान हलवली. बस्स.

आई म्हणे, "मधुकरभाऊची तब्येत बरी नाही का रे? आज गुडघ्याचं बी नाही पुसलं."

२८ जानेवारी
चप्पल तुटली. त्यावरून इटारसी आठवली. पाच वर्षांपूर्वी घरून पळालो होतो तेव्हाचं. प्लॅटफॉर्मवर एक मोची होता, बुटाले टाका घालण्याआधी त्यानं मले दहा गोष्टी विचारल्या. कितना चलते हो, कहाँ दबता है, एड़ी पहले घिसती है कि पंजा. मले वैताग आला. पण तो टाका अजून टिकून आहे.

हे कावून लिहून राहिलो. लिहायचं दुसरंच होतं.

तेव्हा मी इटारसीले आहे हे घरी कोणालेच माहीत नव्हतं. म.का.नी खिडकीतल्या फोनवरून एकेक स्टेशन लावलं. गोंदिया, नागपूर, आमला, इटारसी. निळा शर्ट, उजव्या भुवईवर खूण, मराठीत बडबड करते असा पोरगा दिसला का. चौथ्या दिवशी इटारसीच्या चौकशीवाल्यानं मले हाक मारली. त्याच चौकशीनं मी सापडलो होतो. आणि मी चिठ्ठी लिहिली.

१ फेब्रुवारी, रविवार
मंडळाची मीटिंग. सुजाताताईनं अर्ज दिला होता. म.का.ची मुलगी, सेक्टरमधल्या शाळेत शिकवते. मागणी एवढीच की चिठ्ठ्या वाचण्याआधी कोणीतरी पाहाव्या, आणि जातीवरून आलेले शब्द माईकवरून येऊ नयेत. म.का. आले नव्हते.

अर्धा घंटा सगळे चहा पीत बसले. मग देशकरकाका उठले. भिलाईच्या स्टील प्लांटात हेडक्लार्क होते, शुद्ध मराठी फक्त आपल्यालाच येते असं त्यांचं मत. म.का.चे कॅरमचे पार्टनर, वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी, रिटायर झाल्यावर रोज दुपारी म.का.च्या व्हरांड्यात डाव. ते म्हणाले, शब्द जुना आहे, बोलताना कोणाच्या डोक्यात जात नसते. शब्द काढला म्हणून माणूस सुधारतो का? मनात तेच ठेवून गोड बोलणारे आपण कमी पाहिले का? ते पुष्कळ बोलले. खरं सांगायचं तर थोडं मलेही पटून राहिलं होतं. पटावं असं मले वाटत होतं, म्हणून असेल.

ताई बसूनच म्हणाली, "काका, मनातलं तुमचं तुमच्याजवळ राहू द्या. माईकवरचं आमच्या कानात येते. तुमच्यासाठी शब्द जुना आहे. बाबांले तो गोंदियाच्या शाळेत रोज हजेरीसारखा ऐकू यायचा."

मागून कोणीतरी म्हणालं, मग यादीच लावा भिंतीवर, काय बोलायचं ते, आम्ही मुके राहतो. दोघं-तिघं हसले. देशकरकाका हसले नाहीत. ताई म्हणाली, "यादी कशाले. ज्याले लागते त्याले विचारा, एवढंच."

ठरलं काहीच नाही. पण बाहेर चपला घालताना सगळ्यांचं ठरून गेलं होतं. चिठ्ठी देशकरचीच. एवढी मराठी दुसऱ्या कोणाले येते? एकानं माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "ये तो लिख ही नहीं सकता, इसकी मराठी में आधी हिंदी है." सगळे हसले. मीही हसलो.

हसलो मी.

२ फेब्रुवारी
कॅरमबोर्ड म.का.च्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा. दुपारी देशकरकाका त्यांच्या फाटकापर्यंत आले, थांबले, छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि परत गेले. ऊन एवढं नव्हतंच.

आईले विचारलं, हा शब्द तू बोलतेस का. म्हणे, "बोलतो न. तुह्याच बापाले बोलतो, शेजाऱ्यायच्या घरात डोकावते तवा." मग शेवगा सोलता सोलता थांबली. "बोलत होतो म्हन. आता बोलू का नोको?" मी म्हटलं, नको. तिनं आणखी तीन-चार शब्द मोजले, कोणते ठेवायचे, कोणते टाकायचे. एकावर आमचं भांडण झालं. 'गावंढळ' तिले टाकायचा नव्हता. म्हणे, आपन सगळेच गावचे, आपल्याले कोनाची परवानगी लागते? याचं उत्तर ताईले येईल.

ताईले मी काहीच विचारू शकत नाही.

३ फेब्रुवारी
वर २५ तारखेले लिहिलं, मले माहीत नव्हतं. खोटं आहे.

दहा वर्षांचा होतो. आजोबा गावाहून आले होते. म.का.नी त्यांना चहाले बोलावलं तर आजोबा गेले नाहीत. मग घरात हळू आवाजात म्हणाले, याचा बाप गोंदियाच्या पुलाखाली पेटी घेऊन बसायचा. आईनं विषय बदलला. मी ऐकलं होतं. पुढे विसरलो. चिठ्ठी लिहिताना आठवत होतं का? 'चौकशी' लिहिल्यावर पुढचा शब्द आपोआपच आला, आणि एकदम भारी वाटलं, की वा, मलेही अशी मराठी येते. देशकरकाकांच्याच तोंडून कधीतरी उचललेला शब्द. पण हात थांबला होता का? थांबला होता. थोडासा. मग चिठ्ठी घडी करून टाकली, कारण कोणी हसलं तर बरं वाटेल.

नऊ महिने फिरून हातात काही न घेता आलो होतो. निदान हसवावं, असं काहीतरी होतं डोक्यात. हे कारण नाही. लिहून ठेवतो फक्त.

४ फेब्रुवारी
लोकलमध्ये ताई भेटली, भिलाई-३ ले चढली. वह्यांचा गठ्ठा मांडीवर, तपासत होती. पुढचं स्टेशन येईपर्यंत मी चाकांचे खटके मोजले. मग सांगितलं. हिंदीतच सांगितलं, मराठीत तोंडातून निघेना.

ती रागावली नाही, ते वाईट झालं. लाल पेनाचं टोपण लावलं. म्हणाली, "मले आईच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा बाबा एवढे गप दिसून राहिले. पाहुणा आला तरी पाणी देतात आणि बसतात. त्यांले वाटते आपण विचारतो म्हणजे लोकांले आपली जात दिसते."

मी म्हटलं, तू सांगशील का त्यांना.

"नाही. मी कावून सांगू? लिहिताना मले विचारलं होतं का?" मग उतरताना म्हणाली, "आणि देशकरकाकांच्या घरी पण जा. त्यांचे विचार मले पटत नाहीत, पण ते न केलेल्या गोष्टीचं ओझं वाहून राहिले."

५ फेब्रुवारी
म.का.च्या फाटकापर्यंत दोनदा गेलो. पहिल्यांदा ते झाडाले पाणी घालत होते. वर पाहिलं. आधीसारखं असतं तर म्हणाले असते, काय बंटी, काय हरवलं? मी म्हटलं, "काका, वर्तमानपत्र आहे का?" त्यांनी आणून दिलं. कालचं होतं. दोघांनाही दिसलं कालचं आहे. घेऊन आलो.

दुसऱ्यांदा फाटकाले कुलूप नव्हतं. तरी परत आलो.

देशकरकाकांकडे गेलोच नाही.

६ फेब्रुवारी
माफीची चिठ्ठी लिहिली. परत चिठ्ठीच. फाडली.

त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं काय, हेच समजत नाही. माहीत नव्हतं म्हणू तर खोटं. माहीत होतं म्हणू तर मग इटारसीचं काय. ते विचारतील, कावून लिहिलं बेटा? आणि नाही विचारलं तर? त्याचीच जास्त भीती वाटून राहिली.

७ फेब्रुवारी
बॅग भरली. साडेतीनच्या लोकलनं दुर्ग, तिथून पुढे जी गाडी मिळेल ती. आई म्हणे, कुठं चालला? म्हटलं, काम पाहायले. ती भाकरी बांधून देऊन राहिली. माझ्या पळण्याची तिले सवय झाली आहे. या वेळी मले शोधायले कोणी स्टेशनं लावणार नाही. लावूही नये.

बुटाची नाडी बांधायले वाकलो तर इटारसीचा टाका दिसला. तळ उखडला, टाका तसाच. बसलो खाली. वही बॅगेतून परत काढली. तीन वीस झाले.

फाटक वाजलं. देशकरकाका असतील, आईले रद्दी मागायले येतात ते शनिवारी.

नाही. आई बाहेरच्या खोलीतून आवाज देऊन राहिली, "बंटी, मधुकरभाऊ आले. विचारून राहिले, तू घरी आहे का म्हून."