पिवळ्या खोक्यातली सोळा काडतुसं

२० ऑगस्ट २००६, रविवार
आज पहिली गोळी झाडली. माझी, अगदी माझी स्वतःची. जगातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही, कुठल्याही पुस्तकात तिचं माप नाही. शेजारच्या वॉल्टने रायफल जुन्या टायरला बांधली, चापाला लांब सुतळी लावली, आणि आम्ही दोघं त्याच्या पिकअपमागे उकिडवे बसलो. "ओढ," म्हणाला. हात ओढेना. सुजाता मला भागूबाई म्हणते ते उगाच नाही. शेवटी डोळे मिटून ओढली. मोठा आवाज झाला. फुटलं काही नाही. वॉल्टने रिकामी पुंगळी चष्मा वर करून उलटसुलट पाहिली. म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स. मुलगी झाली."
एकाहत्तर वर्षांचा माणूस. विमानाच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलं. त्याच्याशिवाय हे झालं नसतं.

२१ ऑगस्ट, सोमवार
सु. विचारते, "दुकानातली काडतुसं काय वाईट आहेत?" काही वाईट नाहीत. दुकानातून .२७० मापाची घ्यायची, तिची पुंगळी कापून आखूड करायची, मान जरा रुंद करायची, वर किंचित जाड बुलेट बसवायची. झालं नवं काडतूस. याला इथे अमेरिकेत वाइल्डकॅट म्हणतात, रानमांजर. हरणाला फरक कळत नाही, कागदाच्या टार्गेटला तर नाहीच. मग कशाला?
दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतो. दहा वर्षं. माझं असं तिथे काहीच नाही. आणि या लोकांच्यात पद्धत आहे, ज्याने बनवलं त्याचं नाव काडतुसाला. बुलेट सात मिलिमीटरची, म्हणून वॉल्टने नळीवर कोरून दिलंय: ७ मेश्राम. नागपुरात शाळेत हजेरी घेताना मास्तर ज्या नावावर अर्धा सेकंद थांबायचे ते नाव, पोलादावर. सु.ला हे सांगितलं नाही. तिला न सांगताच कळलं असणार.

९ सप्टेंबर, शनिवार
नेमबाजीच्या रेंजवर चार म्हातारे रानमांजरवाले. एकमेकांची काडतुसं हातात घेऊन बघतात, लग्नात बायका साडीचा पोत बघतात तशी. माझंही बघितलं. एकाने शिट्टी वाजवली. मी दिवसभर हवेत.
दारू किती भरायची याचं पुस्तक नाही. थोडीशी वाढवायची, झाडायची, पुंगळी बघायची, पुन्हा थोडी. दर वेळी गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्याला टेकवताना भीती वाटते. या भीतीसाठीच जातो की काय, कोण जाणे.
घरी आल्यावर सु.: "पंचशील म्हणणाऱ्या माणसाने बंदूक घ्यावी?" म्हटलं, मी फक्त कागद मारतो. प्रज्ञा (वय दहा, सर्वज्ञ): "Baba, then just use a hole punch."

३० सप्टेंबर, शनिवार
रेंजवर गर्दी. १४ ला हरणांचा सीझन सुरू होतोय, सगळे रायफलीचा नेम जुळवायला आलेले. शेजारच्या बाकावर एक बाप आणि त्याची मुलगी, तेरा-चौदाची, दातांना तारा. आजोबांची जुनी .२७० तिला मिळालीय. पहिलाच सीझन. बाप दर वेळी तिच्या खांद्यामागे हात धरून उभा. मी रिकाम्या पुंगळ्या मागितल्या. तिने वेचून मूठभर आणून दिल्या, वर "Thank you, sir" म्हणाली, जसं काही मीच तिला दिल्या. मग पाऊस आला. सगळ्यांनी भराभर आवरलं.
१४ लाच धम्मचक्र प्रवर्तन दिन, पन्नासावा. बेलव्ह्यूला हॉल घेतलाय. बुद्धवंदना मी घ्यायची आहे. पाठ आहे, तरी रोज म्हणून बघतो.

७ ऑक्टोबर, शनिवार
आठवडाभर ऑफिसात रिलीजची धांदल. बॅग आज उघडली.
पिवळं खोकं माझं नाही. आत काडतुसं, लांब, चकचकीत, कारखान्याची. त्या बापाचं खोकं. म्हणजे माझं त्याच्याकडे.
दोन्ही खोकी सारखी. माझी सोळा मी .२७० च्याच रिकाम्या खोक्यात ठेवली होती. वर काही लिहिलं नाही. का लिहीन? आपल्या घरात डब्यावरचं नाव आणि आतला माल यांचा काय संबंध असतो? आमच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यात ओलं खोबरं आहे, दह्याच्या डब्यात ठेचा. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तसंच मला ठाऊक होतं, मग झालं. दहा वर्षं टेस्टर आहे आणि लेबल लावलं नाही.
वॉल्ट पोर्टलंडला मुलाकडे गेलाय. उद्या येतो.

८ ऑक्टोबर, रविवार
वॉल्टला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो खुर्चीवर बसला.
"बुडावर शिक्का काय आहे?"
"कारखान्याचाच. .२७०."
"त्यांची रायफल?"
".२७०."
मग त्याने मला कळत होतं तेच सांगितलं. आखूड आहे, म्हणजे त्यांच्या रायफलीत जाईल. बसेल. बुलेट त्यांच्या नळीपेक्षा जाड. पुढे जायला जागा नाही, तर सगळा जोर मागे. मागे म्हणजे जिथे गाल टेकवतात तिथे.
"नीट बघितलं तर कळेल त्यांना," म्हणाला. "पण सीझनच्या पहिल्या पहाटे कोणी बघत नाही. थंडीत बोटांनी चाचपून भरतात."
उद्याच रेंजवर जाऊन सांग म्हणाला. हो म्हणालो.

९ ऑक्टोबर, सोमवार
गेलो नाही. ऑफिसात मीटिंग होती. मीटिंग चारलाच संपली हेही खरं.

१० ऑक्टोबर, मंगळवार
गेलो. रजिस्टरमध्ये त्या दिवशीच्या साठ सह्या, एकही वाचता येत नाही. क्लबचा सेक्रेटरी माणूस सज्जन, पण ऐकता ऐकता चेहरा बदलला. म्हणाला, बोर्डावर नोटीस लाव, पूर्ण नाव, फोन नंबर, काय झालं ते सगळं. ती लागली की मेंबरांना ईमेल पाठवतो. आणि काही घडलं तर शेरिफला कळवावं लागेल.
घरी येऊन सु.ला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग: "नोव्हेंबरात तुझी सिटिझनशिपची मुलाखत आहे. विमानतळावर किती वेळा बाजूला घेतलं तुला, मोज. आणि तू बोर्डावर लिहिणार, मी मिलिंद मेश्राम, मी घरी बनवलेली स्फोटक काडतुसं लोकांना वाटली?"
"वाटली नाही. बदलली गेली."
"त्यांना काय फरक पडतो यार?"
नाव न घालता लावू असं ठरलं. मग सेक्रेटरी निनावी नोटीस लावत नाही हे आठवलं. मग उद्या बघू असं ठरलं.

११ ऑक्टोबर, बुधवार
काही केलं नाही. ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसलो. जेवण गेलं नाही. त्या मुलीचा चेहरा आठवत नाही, फक्त तारा आठवतात. मी नीच माणूस आहे असं आज तीनदा वाटलं, आणि तिन्ही वेळा गाडीची किल्ली हातात घेऊन परत ठेवली. बारा वर्षं फॉर्म भरतोय या देशात, एक कागद चुकीचा गेला तर काय होतं ते मला माहीत आहे. पण हा कागद आणि तो कागद एक नाही, हेही माहीत आहे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी सु.नेच नोटीस प्रिंट करून टेबलावर ठेवली होती. माझं पूर्ण नाव, ठळक अक्षरात. खाली तिचाही फोन नंबर. मी बघत राहिलो तर म्हणाली, "प्रज्ञा चौदाची होईल तेव्हा मला हे आठवत बसायचं नाहीये. जा."
गेलो. लावली. सेक्रेटरीने ईमेल पाठवली. एक पिन खाली पडली, ती उचलून पुन्हा लावली. बाहेर येऊन गाडीत रडलो थोडा. हे लिहून ठेवतो.
संध्याकाळपर्यंत फोन नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
दुपारी तीन वाजता फोन. बाईचा आवाज. त्या बापाचं नाव डग, मुलगी केली. ही डगची बायको. मेंबर असलेल्या मित्राने ईमेल वाचून सांगितलं. मी सांगायच्या आधीच तिने विचारलं, "किती वाईट?" सांगितलं.
ते आज दुपारी बारालाच निघाले. डोंगरापलीकडे, फोन लागत नाही तिथे. पिवळं खोकं? हो, केलीच्या बॅगमध्ये, तिनेच भरलं, तिची जबाबदारी म्हणून.
मंगळवारी लावली असती तर. बुधवारी लावली असती तरी.
शेरिफच्या ऑफिसात मीच फोन केला, तिच्याआधी. नावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं. तिकडे एकच माणूस ड्यूटीवर, सीझनची गर्दी, दिसले तर सांगेल म्हणाले. बाईने जंगलातल्या रस्त्याचा नंबर दिला, ओढ्याजवळची जागा सांगितली. हिरवी पिकअप, मागचा दिवा फुटलेला. दर वर्षी तिथेच लावतात. तिला यायचं होतं, पण धाकट्याला ताप आहे.
वॉल्टचं वय पाहता त्याला नेत नाही. घाटात दुपारी दरड कोसळली, रस्ता पहाटेच उघडणार; मी चारला निघतो. सु.: "वंदना मी घेईन. तू जा." डबा भरून दिलाय.

१४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ, ९.४०. गाडीत
घाटात धुकं. रस्ता दोनदा चुकलो, पोचायला आठ वाजले. हिरवी पिकअप सापडली, फुटक्या दिव्याची. आत कोणी नाही. बॉनेट गार. अंधारातच वर गेले असणार.
काचेवर चिठ्ठी लावली, दाराच्या हँडलला एक बांधली. हॉर्न वाजवला, तीन-तीनदा, थांबून थांबून. कोणी आलं नाही. वर चढायला लागलो तर खाली उतरणाऱ्या एका शिकाऱ्याने दंड धरून परत आणलं. शिकाऱ्यांचं भगवं जाकीट नाही, तपकिरी कोट, तपकिरी माणूस, वर जाशील तर हरीण समजून तुलाच मारतील म्हणाला. डग-केलीला पाहिलं का विचारलं. नाही. तोच खाली फोन लागेल तिथे जाऊन पुन्हा शेरिफला सांगतो म्हणून गेला. भला माणूस.
डोंगरात चहूकडून गोळ्यांचे आवाज येतायत. प्रत्येक आवाज मोजतोय. लागोपाठ दोन आले की श्वास सुटतो, कारण दुसरी गोळी झाडणारा माणूस धड असतो. एकच आला की वाट बघतो. पण डगची बायको काल सांगत होती, केलीला शिकवलंय, एकच गोळी, नीट नेम धरून, नाहीतर झाडायचीच नाही. म्हणजे एकच आवाज म्हणजे सगळं चांगलं झालं असंही असू शकतं.
बेलव्ह्यूला आता माणसं जमत असतील. पन्नास वर्षं. सु. पांढऱ्या साडीत असेल. मला इथे कसलाही श्लोक आठवत नाहीये. त्या मुलीला काही होऊ नये, एवढंच. नागरिकत्व गेलं तरी चालेल. हे आज लिहिणं सोपं आहे, मंगळवारी नव्हतं.
९.५२. आता एक आला. वरच्या कड्याकडून, जवळून. काच उघडून बसलोय.
९.५५. दुसरा नाही.
९.५८. हॉर्न वाजवला. मग बंद केला, ऐकू यावं म्हणून.