विकत घेतलेला आवाज

मी, वय एकाहत्तर, धंद्याने चष्मेवाला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी नाहीच. पूर्वी एक मृत्युपत्र केले होते, त्यात सगळे पत्नीच्या नावे होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे-निम्मे.

२. दुकान, काचा घासायचे यंत्र आणि फ्रेमची कपाटे पुतणीला. नऊ वर्षे दुकान तीच चालवते, मी फक्त खुर्ची अडवतो.

३. माझी दिवंगत पत्नी परदेशी मालिकांना आपल्या भाषेत आवाज देत असे. एका मालिकेतल्या वकीलबाईला तिने सहा वर्षे आवाज दिला. त्या मालिकेच्या डिस्क घरात होत्या. मुलगा म्हणाला, आता डिस्क कोण ठेवतं, सगळं ऑनलाइन मिळतं. 'विकत घ्या' असे बटण दाबून त्यानेच ती मालिका माझ्या खात्यावर घेऊन दिली. डिस्क भंगारात गेल्या. मुलाला दोष देऊ नये, पिशव्या मीच खाली नेल्या.

पत्नी गेल्यावर रोज सकाळी स्वयंपाक करताना मी ती मालिका लावत असे. पडद्याकडे पाहत नसे. चेहरा परक्या बाईचा, आवाज हिचा. मागच्या वर्षी एका सकाळी वकीलबाईने तोंड उघडले आणि आवाज दुसराच निघाला. कंपनीने सगळे आवाज नव्याने भरून घेतले होते. मी फोन केला. तिकडच्या मुलीने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "काका, तुमची खरेदी सुरक्षित आहे. एकही भाग कमी झालेला नाही."

मी बरे म्हटले. भाजी करपली होती, ती खाल्ली.

सदर खाते मुलाला. त्यात त्या वेळी जे असेल ते त्याचे.

४. हिला कामावरून यायला उशीर होई. त्याचे खापर मी तिचा आवाज टिपून घेणाऱ्या स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकावर फोडले होते, त्याला नको ते बोललो होतो. चौदा वर्षे त्याचा-माझा अबोला होता. तरी मालिकेतला आवाज बदलल्यावर त्याच्या दारात गेलो. त्याने आत घेतले, मागचे काही काढले नाही. कपाट उपसून हिच्या आवाजातल्या अकरा भागांच्या सरावाच्या कॅसेट काढून दिल्या. त्या कॅसेट आणि टेपरेकॉर्डर मुलीला. उन्हात ठेवू नयेत.

त्याला काही द्यावे असे मनात होते. पण साक्षीदाराला देता येत नाही, असे आमचे वकील सांगतात. क्षमा तेवढी मागितली, तोंडी.

५. सातव्या कॅसेटमध्ये वकीलबाईचे बोलणे संपते आणि ही आपल्या नेहमीच्या आवाजात ध्वनिमुद्रकाला म्हणते, "आटपा हो लवकर. घरी हे जेवायचे थांबले असतील."

मला रडू आले नाही. कॅसेट संपेपर्यंत बसलो, मग परत लावली.

मुलगी ते ऐकेल तेव्हा तिला खरे ठाऊक असावे, म्हणून येथे नोंदवतो. मी कधीही थांबलो नाही. वेळेवर जेवून घेत असे. हिचे ताट झाकलेले असे, पण तेही कामावर जाताना तीच झाकून जाई.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : १२ मार्च, सकाळी दहा

सही : चष्मेवाला
साक्षीदार १ : ध्वनिमुद्रक (सही)
साक्षीदार २ : शेजारच्या शिक्षिकाबाई (सही)