ताणलेली टेप

२ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यांची विचारपूस आधी. गुडघे कसे आहेत? उजवा बरा, डावा रुसलेला. हिचा दमा? काल जिना चढताना दोनदा थांबली. विचारलं तर म्हणे, "थांबले नव्हते, बघत होते." जिन्यात बघण्यासारखं काय आहे देव जाणे! हॉकीच्या गोलासमोरचं गवत? टक्कल पडलंय, हॉकीवाल्या सरांसारखंच. रोलर? कुरकुरतो, पण जातो. माझ्यासारखा. आणि लांब उडीचा खड्डा? ठणठणीत. सकाळी खोल खणला, वाळू चाळली, फळीने सपाट केली. एक खडा निघाला, वाटाण्याएवढा. खिशात टाकला.

झालं. सगळे जिवंत आहेत.

३ फेब्रुवारी

एवढं मोठं विद्यापीठ आणि मैदान एकच! सकाळी हॉकी, दुपारी क्रिकेट, संध्याकाळी फुटबॉल, कडेकडेने धावणारे. पांढरी फक्की एकाची, पिवळी दुसऱ्याची, निळी तिसऱ्याची. वरून कावळ्याने बघितलं तर म्हणेल, कुणी मांजा गुंतवून ठेवलाय. आणि हरले की सगळ्यांचं बोट माझ्याकडे – "मामा, तुमच्या पिवळ्या रेघेने आमची पोरं गोंधळतात." नाचता येईना अंगण वाकडं. बरं, अंगण झाडतो कोण? मी!

५ फेब्रुवारी

शिट्टीसाहेबांनी बोलावलं. हे आमचे क्रीडा संचालक. तीन वर्षांपूर्वी आले, तेव्हापासून गळ्यातली शिट्टी उतरलेली कुणी बघितली नाही. माणूस वाईट नाही. मला बसायला खुर्ची देतो, म्हणजे बघा.

"मामा, आनंदाची बातमी! नवा खेळ सुरू करतोय. तिरंदाजी. विद्यापीठाचा संघ करायचा."

"कुठे?"

"मैदानावर."

"कुठल्या?"

ते हसले. मी हसलो नाही.

"पूर्वेच्या कडेला लांबलचक पट्टा आहे ना मोकळा?"

मोकळा! त्या पट्ट्यातच लांब उडीचा खड्डा आहे. मी म्हणालो, "तिथे खड्डा आहे, साहेब." ते म्हणाले, "तो कोण वापरतं हल्ली? वर्षभरात उडी मारायला कोण आलं, सांगा बघू."

कुणीच आलेलं नाही.

६ फेब्रुवारी

काल लिहायचं टाळलं ते आज लिहितो. कागदाला काय लाजायचं!

खड्डा नाकतोडीचा आहे. माझ्या मुलीचा. लहानपणी अंगणातनं घरात यायची ती उंबरा न शिवता, टुणकन. म्हणून नाकतोडी. तिला अक्षरं मी शिकवली. मी स्वतः चौथीच्या पुढे शाळा बघितली नाही, विद्यापीठाच्या सूचनाफलकावरची अक्षरं बघून गिरवत लिहायला शिकलो. फलक लिहिणारा 'ळ' भला मोठा काढायचा, खाली शेपटी सोडून. तसाच माझा झाला. मग मैदानावर फक्कीने हातहातभर अक्षरं काढायचो आणि ती त्यांच्यावरून उड्या मारायची. तिचाही 'ळ' तसाच झाला.

पुढे विद्यापीठाकडून खेळली. माझ्याच खड्ड्यात उतरायची. आठ वर्षांपूर्वी एक दिवस वाळू खणलेली नव्हती – मला पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायला लावलं होतं. रात्रभरात वाळू दगड झालेली. तिने उडी मारली. गुडघ्याचा आवाज मी खुर्च्यांपाशी ऐकला. 

दवाखान्यात मी काय म्हणावं? "वाळूकडे न बघता उडी मारतं का कुणी! बरं झालं, सुटला एकदाचा खेळ. आता घरात बस." बाप आणि असं बोलला. माझीच चूक होती म्हणून असं बोललो, हे आता कळतं. तिने एवढंच म्हटलं, "बाबा, तुम्हाला वाळू चाळता येते. माणूस नाही."

मग लांबच्या गावी निघून गेली. हिच्याशी फोनवर बोलते, दार लावून. मी विचारत नाही, ही सांगत नाही. आणि मी रोज सकाळी वाळू खणतो.

११ फेब्रुवारी

बातमी फुटली. भांड्याला भांडं लागलं.

फुटबॉलवाले सर – "मैदान आहे की चाळीतला नळ? किती जणांनी रांग लावायची?"

हॉकीवाले – "उद्या माझ्या पोराच्या पाठीत बाण शिरला तर?"

फुटबॉलवाले – "पाठीत शिरला तर पोरगा तुमचाच म्हणायचा. तुमची पोरं पाठ दाखवूनच पळतात."

दोघं बारा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आज एका किटलीतला चहा प्याले. तिरंदाजीने एवढं तरी केलं.

१६ फेब्रुवारी

शिट्टीसाहेबांनी परत बोलावलं. कारकून बसला होता – टाचणी. अंगाने टाचणी आणि कामही तेच, कागदाला कागद टोचायचं. 

"मामा, एक बाई आहेत, शिकवायला तयार. बाहेरगावी असतात. जागेचा नकाशासुद्धा काढून पाठवलाय त्यांनी. इथेच वाढल्यासारखा! बघा तरी."

नकाशा टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मी हात मागे घेतला. बाहेरची कोण कुठली बाई मला माझं मैदान कागदावर दाखवणार!

"साहेब, मला हे मैदान नकाशात बघायची गरज नाही."

"तसं नव्हे हो मामा –"

"नाहीच बघणार."

टाचणी खुदकन हसला. त्याने नकाशा उचलून फायलीला टोचला.

१७ फेब्रुवारी

ही मागची खोली झाडते आहे. आठ वर्षं तिथे जुन्या गाद्या आणि माझ्या तुटक्या खुर्च्या पडून होत्या.

"काय काढलंस हे?"

"उंदीर झालेत."

"उंदरासाठी भिंतीला चुना देतात?"

"स्वच्छ उंदीर आहेत ते," म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली! दमाही विसरली होती. माझाच चुना वापरला, मैदानाचा. मी ओरडलो नाही.

२४ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, समितीपुढे माप ठेवायचंय. बाण सुटायची जागा, अंतर, मागे मोकळं सोडायचं ते, सगळं मिळून एकशेदहा मीटर लांबी हवी. त्याहून कमी असेल तर परवानगी नाही. 

"इंजिनिअर महिनाभर रजेवर आहे. पण तो कशाला हवा? तुमच्याइतकं कोण ओळखतं! तुम्ही लिहून द्या, मी सही करतो."

मी लिहून द्यायचं. त्यांनी सही करायची. विश्वास!

२५ फेब्रुवारी

आमच्या टेपची गोष्ट लिहून ठेवतो. टेप कापडी. तीस मीटरची. ओढून ओढून ती ताणली गेली आहे, इतकी, की ती तीस म्हणते तिथे जमीन एकतीस असते. म्हणजे ती प्रत्येक गोष्ट कमी सांगते. नवी पोलादी टेप मागून सहा वर्षं झाली. अर्ज टाचणीकडे, सगळ्यात खाली. मला त्रास नाही. मी प्रत्येक तीसला एक मनात मिळवतो, म्हणून रेघा बरोबर येतात. हे मला ठाऊक, टेपला ठाऊक. तिसऱ्या कुणाला नाही.

२६ फेब्रुवारी

मोजलं. दोन खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली, वाकून वाकून मोजलं. टेप म्हणाली – एकशेसात आणि वर एक हात.

खरी लांबी एकशेअकरा. 

मी एकशेसात लिहिलं.

मी खोटं बोललो नाही. जे टेपने सांगितलं ते लिहिलं. आजवर टेपची चूक मी पदरात घेत आलो, आज नाही घेतली, एवढंच.

असं लिहिलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

४ मार्च

समिती बसली. मला दाराबाहेर स्टुलावर बसवलं होतं, काही विचारायचं झालं तर. काहीच विचारलं नाही. दाराआडून साहेबांचा आवाज – "तीन मीटरसाठी, सर! फक्त तीन मीटर!" मग कुणीतरी – "तीन मीटर कमी जा म्हटलं तर बाण ऐकतो का?" सगळे हसले.

नामंजूर.

साहेब बाहेर आले. शिट्टी मुठीत धरली होती. म्हणाले, "तुमचा काय दोष मामा. जागाच नाही." माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा अजून जड आहे.

खड्डा वाचला. सकाळी दुप्पट खोल खणला.

८ मार्च

संध्याकाळी हिचा फोन झाला, दार लावून. बाहेर आली ती भिंत धरून. विचारलं, "दमा?" मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

मागच्या खोलीला कडी लावली.

९ मार्च

बोलत नाही.

१३ मार्च

अजून नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, औषधाची आठवण बोटाने करते. मी म्हणालो, "माझं काही चुकलं का?" तर माझ्याकडे नुसतं बघितलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी बघितलं नव्हतं. रागाने असतं तर सोसलं असतं. कीव होती ती.

२० मार्च

घ्या! पूर्वेच्या पट्ट्यावर गाड्या उभ्या करायची जागा होणार. "नाहीतरी खेळाला पुरत नाही," असं ठरावात आहे. टाचणीने वाचून दाखवलं, चवीने. खडी टाकायची, वर डांबर. खड्डा आधी बुजवायचा.

"माझं माप दिलंय का त्यात?" मी विचारलं.

"तुमच्या मापावरच तर उभा आहे ठराव, मामा!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाणांपासून वाचवला आणि चाकांखाली दिला. तिरंदाज निदान पोरं तरी होती. पळाली असती, हसली असती, वाळूत कुणी एखादी उडीही मारली असती.

३० मार्च

इंजिनिअर रजेवरून आला. पोलादी टेप घेऊन आला, नवीकोरी, उन्हात चमकणारी. दोघांनी धरली. शिट्टीसाहेब शेजारी उभे. मी खड्ड्यापाशी.

इंजिनिअर ओरडला, "एकशेअकरा!"

साहेब म्हणाले, "परत मोजा."

परत एकशेअकरा.

साहेब चालत माझ्यापाशी आले. "मामा?"

"कापडी टेप आहे, साहेब. ताणलेली."

"तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायची एक संधी होती, पण आता कुणासाठी बोलायचं! "होतं," म्हणालो.

ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू बोलले. "त्या बाईंना मी जागा नाही म्हणून कळवलं. दुसरीकडे नेमणूक घेतली त्यांनी, तीन वर्षांची. आता ठराव तरी कुणासाठी फिरवायला सांगू? मामा, त्या पगाराचं विचारतच नव्हत्या हो. फक्त एकच विचारत होत्या, मैदान कोण सांभाळतं, तेच आहेत का अजून."

घरी येईपर्यंत या वाक्याचा अर्थ मी लावला नाही. लावायचा नव्हता.

३१ मार्च

हिने मागच्या खोलीची कडी काढली. पांढऱ्याशुभ्र भिंती, एक खाट, उशी. उशाखालून कागद काढून माझ्या हातात दिला. तोच नकाशा, मी हात मागे घेतला होता तो; त्याची दुसरी प्रत, टपालाने हिच्याकडे आलेली. बाणांचे पट्टे पूर्वेच्या कुंपणाला लागून. एका बाजूला, सगळ्याला वळसा घालून सोडलेला, एक चौकोन. त्यात लिहिलंय – 'वाळूचा खड्डा. याला हात लावू नये.' 'ळ' भला मोठा, खाली शेपटी.

ही पहिल्यांदा बोलली. "उडी सुटली तेव्हा धनुष्य धरलं तिने. ठरल्यावर तुम्हाला सांगायचं होतं. येणार होती हो."

१ एप्रिल

आज टपालपेटीत टाकलेलं पत्र इथे उतरवून ठेवतो.

'नाकतोडे, तुझा गुडघा कसा आहे? आठ वर्षांपूर्वी विचारायचं राहिलं. आईचा दमा बरा नाही. माझं ठीक. जागा होती. तुझा नकाशा बरोबर होता, माप मी चुकवलं, जाणून. वाळू उद्या बुजवतात. आज शेवटची चाळली. एकही खडा निघाला नाही. चार शिव्या लिही, पण लवकर लिही.'