नारायण पेठेतला खड्डा

खडकी, पुणे
३० जानेवारी २०२५

तीर्थरूप दादांस,
धाकट्या अवधूतचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की वहिनी बोलतात आणि तुम्ही शेजारी बसून नुसती मान हलवता, असं त्याच सांगतात. विहिरींच्या सुरुंगांनी तुमचे कान नेले, डोळे ठेवले, म्हणून पत्र. नम्रता म्हणते, या जमान्यात पोस्टाची पेटी शोधत फिरणारा नवरा तिच्याच नशिबी आला.

नवं काम नारायण पेठेत लागलंय. जागा इतकी अरुंद की खड्ड्यात मशीन उतरवायला उतार काढता येत नाही. म्हणून लांब हाताचा पोकलेन आणलाय आणि तो माझ्याकडे दिलाय. मशीन वर काठावर उभं असतं, हात साठ फूट लांब, बकेट मात्र लहान. मला केबिनमधून तळ दिसत नाही. काठावर योगेश उभा राहून खुणा करतो, त्याच्या डोळ्यांनी मी खणतो. जमिनीखाली तीन मजली पार्किंग व्हायचंय. पंचवीस फूट झालं. तुम्ही विहिरीत उतरून खणायचात, मी वर खुर्चीत बसून खणतो. घराण्याची प्रगती झाली म्हणायची.

शेजारच्या इमारतीतल्या आगाशे काकू रोज गॅलरीतून पाहत असतात. परवा म्हणाल्या, पाताळ लागलं की कळवा, आमचे काही नातेवाईक तिकडे असतात.

खड्ड्याच्या तीन बाजूंना काँक्रीटचे खांब ओळीने उतरवलेत. चौथ्या, काकूंच्या बाजूला, नुसती जाळी ठोकून वर सिमेंट फवारलंय. तिथून आठवडाभर पाणी झिरपतंय. साइटचे इनचार्ज इंद्रजीत साहेब म्हणतात, जुन्या पेठेत कुठली तरी नळी फुटलेली असतेच. पंप लावलाय.

वहिनींना नमस्कार सांगावा. तुमची माया आजवर होती तशीच पुढेही असू द्यावी.

तुमचा,
अवधूत


पिंपळखेड, ता. मेहकर
६ फेब्रुवारी

चि. अवधूत यास,
रंगनाथचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने मला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं, अर्ध्यात तिच्याच लक्षात आलं. तूर घरात आली, हरभरा बरा आहे.

प्रगतीचं म्हणशील, तर माझ्या विहिरींना पाणी लागलं की मालक पेढे वाटायचा. तुझ्या खड्ड्याला पाणी लागलं की पंप लावतात.

आता नीट वाच. पाण्याचा रंग तू लिहिला नाहीस. काचेच्या बरणीत ते पाणी धर आणि न हलवता तासभर ठेव. निवळ राहिलं तर ते नुसतं पाणी आहे. तळाशी गाळ बसला तर ते माती घेऊन येतंय, आणि ती माती कुणाच्या तरी पायाखालची आहे. मग मशीन काठापासून मागे घे आणि खालची माणसं वर काढ. साहेबाला नंतर सांग.

सूनबाईंना आशीर्वाद. तब्येतीला जप आणि आम्हाला विसरू नको.

रंगनाथ


खडकी, पुणे
१५ फेब्रुवारी

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. गुरुवारी सकाळी जॅमची बरणी भरली. तासाभराने तळाशी दोन बोटं गाळ होता, पिवळट. मी योगेशला खूण केली, खाली काम करणारे सातही मजूर वर आले. मशीन मागे घेतलं, चावी काढली आणि बरणीसकट इंद्रजीत साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी बरणी पाहिली नाही असं नाही. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, आठ-दहा दिवसांत तळाचं काँक्रीट पडलं की त्या बाजूला आधार मिळेल. आता थांबलो तर पाण्यालाच सवड मिळेल. दादा, त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, तरी मी चावी परत उचलली नाही.

शुक्रवारी माझ्या जागी साईला आणलं. दिवाळीला माझ्याबरोबर गावी आला होता, तोच. लिव्हर धरायला मीच शिकवलं त्याला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, भाऊ, घरी लहान लेक आहे, एवढं मोठं मशीन पहिल्यांदाच हातात आलंय, तुम्ही मला घाबरवू नका. मी जपून कर म्हटलं, डबा उचलला आणि बसने घरी आलो.

नम्रता म्हणते, तुम्ही तुमचं केलंत. पण मला ते पटत नाही. माझं तिथलं काम संपलं का, एवढं मला सांगा.

आशीर्वादाची गरज आज जास्त आहे.

अवधूत


पिंपळखेड
२० फेब्रुवारी

चि. अवधूत यास आशीर्वाद.

पत्र आत्ताच वाचलं. तुझं तिथलं काम संपलं नाही. जा. साईला हाताला धरून मशीनवरून उतरव, आणि त्या बाईंच्या इमारतीत दार न् दार वाजव. वहिनीला फोन लावायला सांगतोय, ती 'जा' एवढंच सांगेल. बाकीचं तुला तिच्या तोंडून कळायला नको, म्हणून ते कागदावर.

माझा जोडीदार कोंडीराम सत्त्याण्णव साली कारेगावच्या विहिरीत दरडीखाली गेला, हे तुला माहीत आहे. गाव म्हणतं, रंगनाथला पाण्याची जाण, म्हणून तो वाचला. ते खरं आहे आणि तेच वाईट आहे. सकाळी पाणी गढूळ झालेलं मी पाहिलं होतं. मालक घाईत होता. मी तंबाखूच्या निमित्ताने वर आलो आणि बांधावर जाऊन बसलो. येताना कोंडीरामला जपून म्हटलं. तेवढंच. दोर टाकून त्याला वर ओढलं नाही. अर्ध्या तासात काठ गेला. ते 'जपून' मी माझ्या मनाच्या समाधानासाठी म्हटलं होतं, त्याच्यासाठी नाही.

अठ्ठावीस वर्षं हे कुणाला बोललो नाही. हे वाचून तुझ्या मनातून उतरलो तर उतरू दे, पण जा.

रंगनाथ


खडकी, पुणे
२६ फेब्रुवारी

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी आगाशे काकूंच्याच जिन्यात होतो, लोकांचं सामान उतरवत. घरी बसवेना म्हणून मंगळवारीच गेलो होतो.

योगेशकडून पुन्हा एक बरणी भरून घेतली आणि ती घेऊन अकरा घरांची दारं वाजवली. वरच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, तुम्हाला कुठल्या बिल्डरने पाठवलंय? काकूंनी मात्र बरणी उजेडात धरून पाहिली आणि मला स्वयंपाकघरातल्या फरशीची भेग दाखवली. म्हणाल्या, ही पंधरा दिवसांपासून मुक्कामाला आहे, जायचं नाव काढत नाही. मग त्यांनी खुर्ची आणून साइटच्या फाटकात मांडली आणि एकही डंपर आत सोडला नाही. मी आत जाऊन साईच्या मशीनसमोर उभा राहिलो. त्याने हॉर्न वाजवला. मी हललो नाही. शेवटी त्याने बकेट टेकवली आणि इंजिन बंद केलं. रागाने लाल झाला होता, पण उतरताना माझाच खांदा धरून उतरला.

बुधवारी महापालिकेचे इंजिनिअर आले, काम थांबलं, गुरुवारी लोक बाहेर पडले. शुक्रवारी सकाळी अकराला ती बाजू गेली. आधी जाळी फुगली, मग काठ आणि त्याच्यामागे स्वयंपाकघरांची अख्खी भिंत खड्ड्यात बसली. खाली कुणी नव्हतं. इंद्रजीत साहेब रस्त्यात हेल्मेट हातात घेऊन उभे होते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, थोडेच दिवस कमी पडले.

माणूस एकही गेला नाही, दादा, पण अकरा घरं गेली. काकू मुलीकडे निघाल्या तेव्हा मी त्यांची पिशवी धरली. म्हणाल्या, सांगायला आलास हे खरं, पण खणलंसही तूच. पस्तीस फुटांतले तीस माझ्या हातचे आहेत. जे पाहिलं ते सगळं जबाबात लिहून दिलंय; तेव्हापासून कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाहीत. साई रोज लेकीला घेऊन येतो, थोडा वेळ बसतो आणि जातो.

तुमचं पत्र सोमवारी आलं. दोनदा वाचलं. माझ्या मनातून तुम्ही उतरला नाहीत. कोंडीरामच्या पत्नी सोजरबाई अजून कारेगावातच असतात का, एवढंच विचारतो.

तुमच्या पायांशी जागा असू द्यावी.

अवधूत


पिंपळखेड
६ मार्च

चि. अवधूत यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीच्या हाती दिलं, आणि माझंही सगळं तिला सांगितलं. ती उठून शेतात गेली, संध्याकाळी येऊन ताट वाढलं. आगाशे बाई बोलल्या ते विसरू नको, पण उशाशी घेऊन झोपूही नको. काम लागेपर्यंत सूनबाईंना घेऊन इकडे ये.

काल कारेगावला गेलो. सोजरबाई थकल्यात. ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. नवऱ्याचा शेवटचा सोबती म्हणून त्या मला फार मानतात; उठून पाट दिला. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. माझा आवाज मला कळत नाही, मोठा लागला असावा, कारण शेजारच्या बायका दारात आल्या.

मग त्या बोलल्या. बराच वेळ बोलल्या. एकदा पदर डोळ्यांना लावला, दोनदा माझ्याकडे बोट केलं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. लिहून द्या म्हणावं तर त्यांना लिहिता येत नाही, आणि त्यांचं ते बोलणं तिसऱ्याच्या तोंडून घ्यायचं धाडस मला झालं नाही. म्हणून त्यांचं बोलून होईतो मी समोर उभा राहिलो. या वेळी तिथून हललो नाही.

त्या थांबल्या आणि पुन्हा निवडायला बसल्या. मी खाली बसलो, सुपातली मूठभर ज्वारी पुढ्यात घेतली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पोत्यातली आणखी थोडी ज्वारी माझ्यापुढे ओतली. ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत आम्ही दोघं खडे काढत बसलो.

तुम्हा दोघांची वाट पाहतोय.

तुझा दादा,
रंगनाथ